बाईंची इरकल

शाळेला ५० वर्षं झाली हे कळल्यावर मला सगळ्यात आधी आठवली ती इतिहासाच्या बाईंची हिरवी इरकल. आम्ही नववीत होतो, गॅदरिंगला दरवर्षी झाशीची राणी ठरलेली, पण त्या वर्षी बाई म्हणाल्या, झाशीची तर आपलीच आहे गं, पण कित्तूरची राणी चन्नम्मा आपल्याच बेळगाव जिल्ह्यातली आणि तिची इंग्रजांशी लढाई १८२४ ची, झाशीच्या ३३ वर्षं आधीची, ती कोण करणार?

मग एका रविवारी लाल बसने सगळ्यांना कित्तूरला घेऊन गेल्या. वाडा पडका, नुसत्या भिंती, पण एका भिंतीत ध्रुवतारा बघायला केलेलं गोल भोक आहे, भर दुपारी कुठला तारा, तरी आम्ही रांग लावून एक डोळा मिटून बघितलंच. तिथेच सावलीत बसवून बाईंनी सगळं सांगितलं. राणी चन्नम्मा माहेरची काकतीची, बेळगावहून कोल्हापूरकडे निघालं की लागते तीच. नवरा गेला, मग गादीवरचा सावत्र मुलगाही गेला, त्याने घेतलेलं दत्तक धारवाडचा कलेक्टर थॅकरे मानेना, खजिन्याला सील ठोकलं. २३ ऑक्टोबरला तो तोफा घेऊन किल्ल्याच्या दारात उभा, तेवढ्यात दार उघडून आतली माणसं अशी तुटून पडली की थॅकरे तिथेच मेला. स्टीव्हनसन आणि इलियट हे दोन साहेब जिवंत सापडले, त्यांना राणीने नीट सांभाळलं आणि पुढे सोडूनही दिलं, हे सांगताना बाईंचा आवाज भरून आला होता. कंपनी मात्र मोठी फौज घेऊन परत आली आणि डिसेंबरात कित्तूर पडलं.

थॅकरे पडला की पडदा पाडूया असं सगळी मुलं म्हणत होती, विशेषतः संगोळी रायण्णा झालेला, राणीच्या फौजेतला, आपल्या नंदगडात १८३१ ला फाशी दिलं तो रायण्णा. बाईंनी ऐकलं नाही. शेवटचा प्रवेश बैलहोंगलच्या कैदेतला ठेवला, तिथे राणीने चार वर्षं काढली आणि १८२९ मध्ये तिथेच गेली. राणी मी झाले होते, पण त्या प्रवेशात मला एकही वाक्य नव्हतं, नुसतं बसायचं. साडी मला फार लांब, बाईंनी खांद्यावर दोन पिना लावलेल्या, एक सारखी टोचत होती, पण मी हलले नाही.

दुसऱ्या दिवशी साडी परत द्यायला गेले तर बाई म्हणाल्या, राहू दे तुला. पदराजवळ पिनांची भोकं अजून तशीच आहेत. कार्यक्रमाला तीच नेसून येतेय.