दांपत्य पावती

खजिनदारपद माझ्याकडे आलं त्याचं कारण एकच, बँक आमच्या दवाखान्याच्या खालच्या मजल्यावर आहे. बीड जिल्ह्यातल्या आमच्या तालुक्याच्या डॉक्टर संघटनेत आम्ही 86 जण. एमबीबीएस, बीएएमएस, बीएचएमएस, दातांचे, सगळे एकाच सतरंजीवर. 2019 च्या वार्षिक सभेत आधीच्या खजिनदारांनी एक पावतीपुस्तक, एक रबरी शिक्का आणि पोस्टातल्यासारखं लांबलचक रजिस्टर माझ्या हाती ठेवलं आणि चहाला निघून गेले.

वर्गणी तेव्हा वर्षाला 1,200 रुपये होती, आजही तेवढीच आहे. माझी पुण्याची बहीण म्हणते, डॉक्टरला बाराशे म्हणजे काय गं! तिनं खेड्यातला पन्नास रुपये फीचा दवाखाना पाहिलेला नाही. त्या पन्नासातले वीस वहीत लिहिलेले असतात, आणि वही सोयाबीन बाजारात आल्याशिवाय उघडत नाही.

पहिला घोळ तारखेचा होता. हिशोब 31 मार्चला बंद करायचा, ऑडिट करून धर्मादाय कार्यालयात द्यायचा, म्हणून वर्गणीही एप्रिलमध्ये मागायची, अशी जुनी रीत. पण मार्चमध्ये डॉक्टर आधीच पिळलेला असतो. 15 मार्चला आगाऊ आयकर. ज्यांच्या नर्सिंग होमची नोंदणी त्या वर्षी संपते त्यांना 31 मार्चच्या आत नूतनीकरणाची धावाधाव. मग लग्नसराई. ऊसतोडीहून परतलेल्या माणसांची उचल अजून फिटलेली नसते, त्यामुळे ओपीडी भरलेली आणि गल्ला रिकामा. म्हणून मी ठरवलं, हिशोबाचं वर्ष राहू दे तिथंच, वर्गणी मागायची कोजागिरी ते दिवाळी. फार हुशारी केल्यासारखं वाटलं. पहिल्याच वर्षी ऑक्टोबरच्या अवकाळीनं सोयाबीन रानातच कुजलं, आणि पुढच्या वर्षी कोरोना. 2021 पासून मात्र ही तारीख बसली आहे. यूपीआयवर पैसे येतात, फक्त नाव डॉक्टरांचं नसतं, त्यांच्या मेडिकलवाल्या पोराचं असतं. मग दिवाळीत फोन करून विचारत बसायचं, हे बाराशे कुणाचे?

आजीव सभासद हा दुसरा घोळ, आणि तो मला सोडवता आलेला नाही. 31 जणांनी 2009 च्या सुमारास एकदाच 5,000 रुपये भरले. ते 1,55,000 कायम निधी म्हणून मुदत ठेवीत आहेत, मुद्दलाला हात लावायचा नाही, व्याजावर भागवायचं. नऊ टक्के व्याज होतं तेव्हा वर्षाला 13,950 यायचे. कोरोनाच्या काळात दर साडेपाचवर आला आणि हातात राहिले 8,525. म्हणजे माणशी 275 रुपये. तेवढ्यात व्याख्यानाचा हॉल, जेवण, पत्रव्यवहार काहीच बसत नाही. एमबीबीएसवाल्यांना महाराष्ट्र वैद्यकीय परिषदेतल्या नोंदणीच्या नूतनीकरणासाठी पाच वर्षांत 30 क्रेडिट पॉइंट लागतात, त्यासाठी दर वेळी लातूर नाही तर संभाजीनगर गाठावं लागू नये म्हणून आम्ही मान्यता काढून इथंच व्याख्यानं ठेवतो. त्याचा खर्च खरं तर वार्षिक वर्गणीवाले उचलतात. आणि सभेत ‘पनीर बरं नव्हतं’ म्हणून उठून बोलणारे हमखास आजीव असतात. असो.

सवलती चार. नवीन दवाखाना असेल तर पहिली तीन वर्षं निम्मी वर्गणी. सत्तरीनंतर माफ. नवरा-बायको दोघं डॉक्टर असतील तर दोघांत मिळून 1,800. आणि चौथी ‘विशेष अडचण’, तिच्यासाठी आधी कार्यकारिणीकडे लेखी अर्ज करायचा असायचा. तेव्हा या चौथ्या सवलतीचा अर्ज मी कधीच पाहिला नव्हता. अकरा जणांच्या बैठकीत तो वाचून दाखवायचा असायचा, कोण लिहील? बायपास झाल्यावर पाच महिने दवाखाना बंद ठेवलेले एक सर होते. त्यांनी अर्ज केला नाही, वर्गणीही भरली नाही, नुसते यायचे बंद झाले. आता तो अर्ज फक्त माझ्याकडे येतो आणि रजिस्टरात ‘मंजूर’ एवढंच लिहिते. दोन आले आहेत. कुणाचे ते माझ्या नवऱ्यालाही माहीत नाही.

पण मला सांगायचंय ते तिसऱ्या सवलतीबद्दल.

2021 च्या मे महिन्यात आमच्यातले एक भूलतज्ज्ञ कोरोनानं गेले. तीन तालुक्यांत रात्री-अपरात्री सीझरला धावणारा माणूस. त्यांच्या पत्नी बीएएमएस, बायकांची ओपीडी चालवतात. ऑक्टोबरमध्ये मी सगळ्यांना वर्गणीची सूचना पाठवली. एक्सेलमध्ये मीच रकाने केले होते: नाव, प्रकार, रक्कम, बदल असल्यास कारण. शेवटच्या रकान्यात यादीतूनच शब्द निवडायचा होता, आणि ती यादीही माझीच. सरांची ओळ काढली, मॅडमचा प्रकार ‘दांपत्य’वरून ‘वैयक्तिक’ केला आणि सूचना छापल्या. घडीही मीच घातली. त्यांच्या कागदावर आलं ते असं: रक्कम 900 ऐवजी 1,200. कारण: दांपत्य संपुष्टात.

मी तो वाचला नव्हता.

दुसऱ्याच दिवशी त्यांचा कंपाउंडर आला. पाकिटात मोजून बाराशे रुपये, आणि माझाच कागद घडी करून परत. “मॅडम म्हणल्या, पावती द्या म्हणून.” कागद उघडला तेव्हा माझ्या समोर एक आठ महिन्यांची गरोदर पोरगी बसलेली होती. तिचं बीपी मी तीनदा घेतलं, तिन्ही वेळा आकडा डोक्यात राहिला नाही.

संध्याकाळी त्यांच्या घरी गेले. माफी मागायची म्हणून वाटेत काय काय जुळवलं होतं. त्यांनी चहा ठेवला, सरांच्या कारचं काय करायचं ते बोलल्या, मुलाच्या नीटच्या क्लासचं बोलल्या. मी मध्येच म्हटलं, “ताई, तो कागद...” त्या म्हणाल्या, “ते जाऊ द्या. मला एक सांगा, ही पावती माझ्या नावावर पहिल्यांदाच फाटली का हो?”

मला उत्तर माहीत नव्हतं. घरी येऊन रजिस्टर काढलं. 2007 पासून चौदा वर्षं त्यांची वर्गणी जमा होती, पण नोंद सरांच्या नावावर आणि पुढे ‘सौ. सह’. मत एक. आमच्या नियमाप्रमाणे कार्यकारिणीला उभं राहायचं तर सलग पाच वर्षांचं सभासदत्व लागतं. रजिस्टर पाहिलं तर या बाई सभासद झाल्या 2021 मध्ये, नवरा गेल्यानंतर. सहाशे रुपयांच्या सवलतीत नाव आणि मतही गेलं होतं, आणि एकोणीस जोडप्यांत एकानंही ते विचारलं नव्हतं. मीही नाही. आम्हीही दांपत्यच.

पुढच्या सभेत ठराव मांडला: प्रत्येकाची पावती वेगळी, मत वेगळं, रक्कम 900, आणि जोडीदार गेला तरी राहिलेल्याची रक्कम 900 च. एक अविवाहित दंतवैद्य उठले, “मग एकट्यानं काय गुन्हा केलाय?” सगळे हसले, पण प्रश्न बरोबर होता. ही सवलत ठेवली तेव्हा कारण होतं की एका घरात एकच पाकीट, एकच टपालखर्च. आता निम्मा पत्रव्यवहार मोबाइलवर होतो. माझ्या मते ती काढूनच टाकावी आणि तो पैसा नवीन दवाखान्यांना द्यावा. तसं बोलूनही दाखवलं. जोडप्यांच्या मतांपुढे टिकलं नाही, शिवाय त्यात आमचंही जोडपं. ठराव झाला तो वेगळ्या पावतीचा.

मागच्या नोंदी दुरुस्त करायला तीन रविवार गेले. 2007 पासून प्रत्येक ‘सौ. सह’च्या जागी त्या डॉक्टरांचं नाव आणि नोंदणी क्रमांक. बाराव्या पानावर आमची नोंद आली. नवऱ्याचं पूर्ण नाव, पदवी, एमएस, आणि पुढे ‘सौ. सह’. अंबाजोगाईच्या मेडिकल कॉलेजात आम्ही एकाच बॅचला होतो, निकालात मी त्याच्या पुढे होते. हे मी मोठ्यानं वाचून दाखवलं. तो क्रिकेट पाहत होता, म्हणाला, “बरं मग लिही की.” लिहिलं.

ऑडिटला रजिस्टर नेलं तेव्हा सीए साहेबांनी पानं उलटली, बाराव्या पानावर थांबले. “खाडाखोड आहे, मॅडम. बाजूला खजिनदारांची सही लागेल.” पेन त्यांनीच दिला.