शहराचे मोजमाप आणि मोजणारे हात

केंद्र सरकारच्या स्मार्ट सिटी अभियानाची पहिली वीस शहरे जानेवारी 2016 मध्ये जाहीर झाली आणि त्या यादीत भुवनेश्वरच्या खालोखाल पुण्याचे नाव होते. त्याआधीचे काही महिने पुण्यात घरोघरी अर्ज वाटले गेले, महाविद्यालयांत आणि सोसायट्यांत बैठका झाल्या, संकेतस्थळावर मते मागवली गेली, आणि लोकांनी वाहतुकीचा प्रश्न अग्रक्रमाने मांडला. इतक्या मोठ्या प्रमाणावर पुणेकरांचे म्हणणे नोंदवून घेण्याची ती घटना महत्त्वाची होती, हे मी आजही मानतो. मात्र आराखडा मंजूर झाल्यावर कामासाठी स्वतंत्र कंपनी स्थापन झाली, क्षेत्रविकासासाठी औंध-बाणेर-बालेवाडी हा भाग ठरला, आणि ज्यांनी मते दिली होती ते नागरिक हळूहळू कॅमेरे, सेन्सर आणि ॲप यांच्या नोंदींत जमा झाले. 31 मार्च 2025 रोजी अभियानाची मुदत संपली. शहराच्या नियोजनात नागरिकाला तोवर दोनच भूमिका मिळाल्या होत्या, सुरुवातीला मत देणाऱ्याची आणि नंतर मोजला जाणाऱ्याची. काय मोजायचे हे ठरवणारा आणि स्वतः मोजणारा नागरिक ही तिसरी भूमिका पुण्यात बरीच जुनी आहे आणि बिग डेटाच्या, म्हणजे यंत्रांनी साठवलेल्या अफाट नोंदींच्या, काळात तिची गरज वाढली आहे, असे माझे मत आहे.

बिग डेटाविषयी माझ्या मनात अढी नाही. बसची तिकीट यंत्रे, मोबाइलचे मनोरे, पाण्याचे मीटर, मिळकतकराच्या नोंदी आणि चौकाचौकांतील कॅमेरे मिळून जी माहिती साठवतात, ती नीट वापरली तर सर्वेक्षणांना जे कधी दिसले नसते ते दिसते. दक्षिण कोरियातील सोल शहराने 2013 मध्ये मध्यरात्रीनंतरच्या बससेवेचे मार्ग ठरवताना एका दूरध्वनी कंपनीकडील रात्रीच्या कॉलच्या सुमारे तीन अब्ज नोंदींचा अभ्यास केला. रात्री लोक कोठे असतात आणि त्यांची घरे कोठे आहेत, याचा अंदाज त्यातून आला आणि त्या आधारे मार्ग आखले गेले. रात्रपाळी संपवून घरी जाणाऱ्या, टॅक्सी न परवडणाऱ्या माणसाला त्यामुळे बस मिळाली. तेथे आधी प्रश्न होता, तो सामान्य माणसाचा होता, आणि डेटा त्या प्रश्नाच्या मदतीला आला.

आपल्याकडे पुष्कळदा हा क्रम उलटा होतो. यंत्रणा आधी खरेदी केली जाते, तिच्यातून जे मोजता येते ते मोजले जाते, आणि मग त्या आकड्यांना शोभेल असा प्रश्न शोधला जातो. अशा मोजणीत कोण सुटते हे पाहायचे असेल तर बॉस्टनमधील ‘स्ट्रीट बम्प’ या ॲपचा अनुभव बोलका आहे. गाडीला खड्ड्यामुळे बसलेला धक्का मोबाइल स्वतःच नोंदवी आणि रस्त्याची तक्रार आपोआप पालिकेकडे जाई. कल्पना उत्तम होती. परंतु ज्या वस्त्यांत मोटारी आणि स्मार्टफोन कमी, तेथील खड्डे या पद्धतीत कमी दिसणार आणि दुरुस्तीची गाडी सुखवस्तू भागांकडेच वळणार, हा धोका लवकरच लक्षात आला आणि पालिकेच्या लोकांनाही त्याचा विचार करावा लागला.

पुण्याची बससेवा चालवणाऱ्या पीएमपीएमएलची तिकीट यंत्रे घेतली तरी हेच दिसते. कोणत्या थांब्यापासून कोणत्या थांब्यापर्यंत किती तिकिटे फाटली हे ती अचूक सांगतात. मात्र बस भरून आली म्हणून जी बाई चढू शकली नाही, अर्धा तास वाट पाहून जो मुलगा शेअर रिक्षाने गेला, किंवा संध्याकाळनंतर बस नसल्याने जिने दूरची नोकरीच नाकारली, त्यांची नोंद या यंत्रात होत नाही. केवळ तिकिटांवरून मार्ग ठरवला तर जेथे बस आहे तेथेच मागणी दिसते, आणि जेथे बस नाही तेथे मागणीही नाही असे गृहीत धरले जाते. थांब्यावर उभ्या असलेल्या माणसांची मोजदाद त्या थांब्यावरची माणसेच उत्तम करू शकतात.

अशी मोजदाद पुण्यात झालेली आहे, आणि तिने महापालिकेचे धोरण बदललेले आहे. 1993 मध्ये स्थापन झालेल्या कागद काच पत्रा कष्टकरी पंचायतीने कचरावेचकांचे काम आकड्यांत मांडले. कचऱ्यातून कागद, प्लास्टिक आणि धातू वेगळे करून विकणारी ही माणसे, ज्यांत बहुसंख्य स्त्रिया होत्या, शहराच्या कोणत्याही हिशेबात नव्हती. त्या रोज किती माल उचलतात, तो पुढे कोठे जातो, आणि तेवढा कचरा उचलून वाहून नेण्याचा महापालिकेचा किती खर्च त्यामुळे वाचतो, याचा अभ्यास आंतरराष्ट्रीय श्रमिक संघटनेसाठी 2001 मध्ये झाला. तोवर ज्यांच्याकडे दया किंवा संशय यांपैकी एका नजरेने पाहिले जाई, त्यांनी शहराला विनामोबदला दिलेल्या सेवेचा हिशेब कागदावर आला. महापालिकेने त्यांच्यासाठी वैद्यकीय विम्याची व्यवस्था केली, ती या मांडणीच्या बळावर. पुढे 2008 मध्ये ‘स्वच्छ’ ही कचरावेचकांची सहकारी संस्था आणि महापालिका यांच्यात करार झाला आणि दारोदार कचरा गोळा करण्याचे काम अधिकृतपणे त्यांच्याकडे आले. ओळखपत्रासाठी, विम्यासाठी आणि करारासाठी त्यांना मोर्चेही काढावे लागले, नुसत्या आकड्यांनी हे घडले नाही. पण मोर्च्याच्या मागणीपाठी हिशेब उभा होता, आणि तो हिशेब ज्यांच्या श्रमाचा होता त्यांनाच तो कळत होता.

दुसरे उदाहरण ‘शेल्टर असोसिएट्स’ या पुण्यातीलच संस्थेचे. झोपडपट्टी विकास आराखड्यावर एका रंगाच्या ठिपक्यासारखी दाखवली जाते. आत किती घरे आहेत, गल्ली कोठे अरुंद होते, मैलावाहिनी कोणत्या घरापर्यंत पोचली आहे आणि कोणत्या घरात शौचालय नाही, हे त्या ठिपक्यात दिसत नाही. या संस्थेने वस्तीतल्या लोकांना बरोबर घेऊन घरोघरची माहिती गोळा केली आणि ती भौगोलिक नकाशावर बसवली. अशा नकाशावर एक साधी पण फार उपयोगी गोष्ट उघड होते. वाहिनी जवळ आहे आणि शौचालय मात्र नाही, अशी घरे एका नजरेत सापडतात, म्हणजे कोठे लगेच काम करता येईल आणि कोठे आधी वाहिनी टाकावी लागेल हे ठरवता येते. ‘एक घर एक शौचालय’ हा त्यांचा उपक्रम यातून आकाराला आला. त्यात संस्था बांधकामाचे साहित्य दारापर्यंत पोचवते आणि बांधणीचा खर्च कुटुंब उचलते. सांगली, कोल्हापूर, पिंपरी-चिंचवड आणि ठाणे येथेही त्यांनी काम केले आहे. उपग्रहावरून छपरे मोजता येतात, पण एका छपराखाली किती चुली आहेत आणि रात्री शौचासाठी बाहेर जावे लागणाऱ्या मुली किती आहेत, हे घरात बसून विचारल्याशिवाय समजत नाही, आणि ते विचारणारी व्यक्ती वस्तीतली असेल तर उत्तर खरे मिळते.

माहिती गोळा होऊनही ती योग्य माणसापर्यंत वेळेत न पोचल्यास काय होते, हे 25 जुलै 2024 रोजी सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीने अनुभवले. खडकवासला धरणातून मुठा नदीत सुमारे 35 हजार क्युसेक विसर्ग झाला आणि पहाटे घरांत पाणी शिरले. वेळेवर सूचना मिळाली नाही, ही रहिवाशांची तक्रार त्यानंतर सर्वत्र चर्चिली गेली. धरणाची पातळी, पाणलोटातील पाऊस आणि सोडलेले पाणी यांच्या नोंदी सरकारी यंत्रणेकडे असतात. पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी रेषा आणि शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल रेषा नकाशांवर आखलेली असते. अनेक वर्षे नदीकाठी राहिलेल्या माणसाला तर किती विसर्गाला पाणी पार्किंगमध्ये येते आणि किती विसर्गाला पहिल्या मजल्याच्या पायऱ्यांना लागते, हे अनुभवाने ठाऊक असते. हे तीनही प्रकारचे ज्ञान एकत्र आणणारी व्यवस्था मला कोणत्याही कंट्रोल रूमपेक्षा अधिक महत्त्वाची वाटते. पुराचे पाणी प्रत्यक्ष कोठवर आले याच्या खुणा प्रत्येक सोसायटीने भिंतीवर तारखेसह केल्या आणि त्या महापालिकेच्या नकाशावर चढवल्या, तर पूररेषेविषयीचे वाद न्यायालयात जाण्याआधीच बरेचसे मिटतील.

पुणे महापालिकेच्या अंदाजपत्रकात नागरिकांना आपापल्या प्रभागातील कामे सुचवता येतात. 2006-07 पासून चालत आलेली ही पद्धत देशात लवकर सुरू झालेल्या अशा प्रयोगांपैकी एक आहे. सुचवलेल्या कामाचा खर्च 5 लाख रुपयांच्या आत असावा, अशी तिची मर्यादा राहिली आहे, त्यामुळे पदपथ, दिवे, बसथांबे, बाके अशी कामे अधिक येतात. एका अर्जावर कोणा एकाची इच्छा असते. त्याच अर्जाला चौकातील पादचाऱ्यांची सकाळची आणि संध्याकाळची मोजणी, महापालिकेकडे आधी गेलेल्या तक्रारींचे क्रमांक आणि जागेची छायाचित्रे जोडली, तर क्षेत्रीय कार्यालयातील अभियंत्याला ते काम नाकारताना कारण द्यावे लागते. मार्च 2022 मध्ये महापालिकेची मुदत संपली आणि त्यानंतर दीर्घकाळ कारभार प्रशासकांकडे होता. नगरसेवकच नसलेल्या त्या काळात हा अर्ज सामान्य नागरिकाच्या हातातील मोजक्या अधिकृत साधनांपैकी एक होता, आणि तरीही त्याविषयी माहिती असणारे लोक फार थोडे होते, याचे मला वाईट वाटते.

या सर्वांसाठी डेटा खुला असला पाहिजे. पुणे महापालिकेने खुल्या डेटाचे संकेतस्थळ काढले, ते स्वागतार्ह होते. परंतु जुन्या वर्षांचे तक्ते ठेवून खुलेपणा सिद्ध होत नाही. तक्रार कोणत्या दिवशी आली, कोणत्या दिवशी बंद झाली आणि तक्रारदाराने ती सुटल्याचे मान्य केले का, एवढे तीन रकाने प्रभागनिहाय दर महिन्याला प्रसिद्ध झाले तरी शहराचे खरे चित्र दिसेल. 2005 च्या माहिती अधिकार कायद्याचे कलम 4 शासकीय कार्यालयांनी स्वतःहून माहिती प्रसिद्ध करावी असे सांगते. 2023 च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने मात्र माहिती अधिकारातील कलम 8(1)(ञ) मध्ये बदल करून वैयक्तिक माहिती नाकारण्याचा अपवाद रुंद केला आहे. नागरिकाच्या खासगीपणाचे रक्षण झालेच पाहिजे, कॅमेऱ्यातील त्याचा चेहरा आणि फोनमधील त्याचे ठिकाण कोणाच्याही हाती लागता कामा नये. पण त्याच कारणाने ठेकेदाराचे नाव, कामाचे बिल किंवा लाभार्थ्यांची यादी झाकली जाऊ लागली, तर नागरिक सर्वांना दिसेल आणि कारभार कोणालाच दिसणार नाही. टोरंटोमध्ये 2017 मध्ये गूगलच्या भगिनी कंपनीने जलकिनाऱ्यावर सेन्सरयुक्त वस्ती उभारण्याचा प्रस्ताव आणला, तेव्हा तेथील रहिवाशांनी माहिती कोणाच्या मालकीची असेल हा प्रश्न सातत्याने विचारला. 2020 च्या मे महिन्यात कंपनी बाहेर पडली आणि तिने आर्थिक अनिश्चिततेचे कारण दिले, तरी त्या तीन वर्षांत त्या शहरात डेटाच्या मालकीवर जी सार्वजनिक चर्चा झाली, तशी चर्चा आपल्या एकाही स्मार्ट शहरात झाल्याचे मला दिसले नाही.

2011 नंतर आपल्याकडे जनगणना झालेली नाही. दरम्यान पुण्याच्या हद्दीत 2017 मध्ये अकरा आणि 2021 मध्ये तेवीस गावे आली. पाणी, शाळा, दवाखाने आणि बस यांचे नियोजन या गावांसाठी करायचे तर जुन्या आकड्यांवर विसंबता येत नाही. 2027 ची जनगणना डिजिटल पद्धतीने होणार असून तिच्यात स्वतःची माहिती स्वतः भरण्याची सोय आहे. ज्यांना तो अर्ज भरता येणार नाही अशी कुटुंबे कोणत्या वस्तीत आहेत, भाड्याच्या खोलीत दाटीने राहणारे बांधकाम मजूर कोठे आहेत, याची यादी आपापल्या भागातील गणेश मंडळे, महिला बचत गट आणि सोसायट्यांनी प्रगणक दारात येण्याआधी तयार करावी. मंडळांकडे गल्लीगल्लीची ओळख आहे, बचत गटांच्या सभासदांना कोणत्या घरात दोन कुटुंबे राहतात हे माहीत असते, आणि प्रगणकाला सगळ्यात जास्त याच माहितीची गरज भासते.