सळईवर ५०० लिटरची खूण कुठे मारायची? माझा अनुभव

बारावीपासून बीएस्सीपर्यंत संकलनाचं (इंटिग्रेशनचं, म्हणजे बारीक तुकड्यांच्या बेरजेचं) गणित एकाच दिशेनं येतं: खालची सीमा ही, वरची सीमा ही, उत्तर काढा. उत्तर हातात आहे आणि वरची सीमाच शोधायची आहे, असं गणित मला कुठल्याच वर्गात भेटलं नाही. ते भेटलं आमच्या गावातल्या पाण्याच्या टँकरमध्ये. याचा राग अजून आहे.

यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या भागात मे महिन्यात विहिरी तळ गाठतात, मग दोन-चार घरं मिळून टँकर घेतात. टाकी आडवी, गोल. आतला व्यास १.२ मीटर, लांबी ३ मीटर, भरली की सुमारे ३३९३ लिटर. आत बुडवायच्या सळईवर कोणीतरी सारख्या अंतरानं खुणा केलेल्या. त्या हिशेबानं ५०० ची खूण १७.७ सेंटीमीटरवर येते. पण तळाशी टाकी अरुंद असते, त्या उंचीला पाणी फक्त ३११ लिटर भरतं. ज्याच्या वाट्याला तळाचं पाणी, त्याचं नुकसान जवळपास १९० लिटरचं. काका म्हणाले, "पोरी, सळई खोटं बोलून राहिली का?" हो काका, बोलून राहिली.

टाकीचं घनफळ म्हणजे पाण्याच्या रुंदीचं तळापासून उंचीपर्यंतचं संकलन, गुणिले लांबी. त्याचं सूत्र निघतं. पण त्या सूत्रातून उंची मोकळी करायला गेलं की गाडी थीटा वजा साइन थीटा = ०.९२६ इथे येऊन थांबते. (थीटा म्हणजे गोलाच्या मध्यापासून पाण्याच्या पृष्ठभागाच्या दोन कडांपर्यंतच्या रेषांमधला कोन.) थीटा एकदा साइनच्या आत, एकदा बाहेर. कितीही फिरवा, सुटत नाही. इथून पुढे अंदाज आणि सुधारणा, दुसरा रस्ता नाही.

अंदाज पायरीपायरीनं सुधारायची न्यूटन-रॅफसनची पद्धत सगळ्यांना पाठ असते: चूक भागिले अवकलज (डेरिव्हेटिव्ह, म्हणजे बदलाचा दर), आणि तेवढं अंदाजातून वजा. इथे अवकलज काढायचीही गरज नाही, संकलनाच्या वरच्या सीमेचा अवकलज म्हणजे त्या उंचीला पाण्याच्या पृष्ठभागाचं क्षेत्रफळ. इतकं सोपं असूनही मी अडकले ती इथेच, आणि बराच काळ. खूण तळाकडची, म्हणून पहिला अंदाज तळाजवळचा घेणार ना माणूस? १ मिलिमीटर घेतला, तर पुढचा अंदाज आला सुमारे २.४ मीटर. टाकीच १.२ मीटरची! पुढच्या पायरीला रुंदीच्या सूत्रातल्या वर्गमुळात ऋण संख्या, मोबाइलवर नुसती एरर. शून्य घेतलं तर भागाकारच होत नाही. तळाशी पृष्ठभाग जवळजवळ नसतोच, त्यामुळे भागाकार फुगतो. पाठ्यपुस्तकात यावर एक ओळ असते, "पहिला अंदाज योग्य घ्यावा". योग्य म्हणजे कुठला, ते कोणी सांगायचं?

मी सांगते. मधून सुरू करा, ६० सेंटीमीटरपासून, जिथे टाकी सगळ्यात रुंद आहे. तिथे पाणी १६९६ लिटर, म्हणजे ११९६ जास्त. एका सेंटीमीटरला ३६ लिटर, म्हणून ३३.२ सेंटीमीटर खाली या: २६.८. तिथे ५६५ लिटर, आता एका सेंटीमीटरला ३० लिटर. पुढचा अंदाज २४.६, आणि तीच खूण! मधून निघालं की अंदाज एकाच बाजूनं उत्तराकडे सरकत जातो, कधीच ओलांडून टाकीबाहेर जात नाही. खूण कुठलीही असो. हे कागदावर दिसलं तेव्हा मी आईला हाक मारली होती.

न्यूटन नको असेल तर तळ ते माथा हे अंतर अर्धं-अर्धं करत जा: मधल्या उंचीला पाणी ५०० हून जास्त की कमी ते पाहा, आणि उत्तर ज्या अर्ध्यात आहे तोच ठेवा. दहा वेळा केलं की चूक मिलिमीटरभर उरते. सळईवर त्याहून बारीक खूण मारता येतच नाही.

आधी सांगायला हवं होतं: व्यास आतून मोजा, कॅल्क्युलेटर रेडियनवर (अंशांवर नाही) ठेवा, आणि टँकर सपाट जागेवर उभा करा. टोकं फुगीर असतील तर सुटसुटीत सूत्र मिळेलच असं नाही, मग सिम्प्सनच्या नियमानं (थोड्या ठिकाणच्या मापांवरून संकलनाची अंदाजे किंमत काढायची रीत) थर जोडावे लागतात. हाच नियम खगोलशास्त्रज्ञ केपलरनं पिंपांच्या मापासाठी वापरला होता, त्यावरचं त्याचं पुस्तक १६१५ चं आहे. पृष्ठभागाचा भागाकार मात्र तोच राहतो.

आणि वरच्या अर्ध्या खुणांसाठी पुन्हा गणित करत बसू नका. तळापासून २४.६ वर ५०० लिटर असेल, तर माथ्यापासून २४.६ खाली ५०० लिटर रिकामे, म्हणजे तिथे २८९३.