पॉम्पेईच्या टाकीपाशी एक वॉलमन

मी टूर मॅनेजर आहे, मराठी ग्रुप घेऊन युरोपात फिरते. पॉम्पेई म्हणजे ज्वालामुखीच्या राखेत गाडलं गेलेलं इटलीतलं प्राचीन गाव. तिथला दिवस तसा ठरलेला असतो, पोर्ता मरीनातून (पोर्ता म्हणजे वेस) आत, फोरम म्हणजे गावाचा मुख्य चौक, स्नानगृहं, बेकरी, राखेतल्या पोकळ्यांत प्लास्टर ओतून काढलेले ते माणसांचे देह आणि दुपारी बाहेर येऊन जेवण. आत माहिती सांगायला लायसनवाली स्थानिक गाईड असते, ती इंग्लिशमध्ये बोलते आणि मी शेजारी उभी राहून मराठीत सांगते. त्या दिवशी मात्र उलटं झालं, बराच वेळ मी मराठीचं इंग्लिश करत होते आणि गाईड ऐकत होती.

ग्रुपमध्ये सोलापूर जिल्ह्यातले एक काका होते, सोबत काकू. मुलगा पुण्यात नोकरीला, त्याने पाठवलेलं. काका नगरपालिकेत वॉलमन होते, रिटायर होईपर्यंत तेच काम, कुठल्या गल्लीला किती वाजता पाणी सोडायचं आणि कधी बंद करायचं. रोममध्ये ते फारसं बोललेच नव्हते. पॉम्पेईत मुख्य रस्त्यावर पहिला दगडी हौद लागला आणि काका तिथंच उकिडवे बसले.

ज्वालामुखीच्या काळ्या दगडाच्या चार फरश्या उभ्या करून लोखंडी पट्ट्यांनी जोडायच्या, एका बाजूला नळाचा दगड, त्यावर कोरलेला चेहरा आणि त्याच्या तोंडातून पाणी, असे चाळीसएक हौद त्या गावात आहेत. नळाच्या दोन्ही बाजूंना दगड झिजून खोलगट झालाय, कारण पाणी प्यायला वाकताना लोक तिथे हात टेकायचे. हे गाईड सगळ्यांनाच दाखवते. काकांनी झीज बघितली, मग वरच्या कडेला जास्तीचं पाणी जायची खाच बघितली आणि विचारलं, "तोटी कुठाय?"

तोटी नव्हतीच. पाणी रात्रंदिवस वाहायचं, जास्तीचं रस्त्यावर यायचं आणि घाण धुवून खाली न्यायचं, रस्ता ओलांडायला मध्ये उंच दगड टाकलेत ते त्यासाठीच. काका म्हणाले, "चोवीस तास? मग वर सोर्स लई दांडगा पायजे."

गाईडला हे सांगितलं तर ती एकदम खुलली. कारण सोर्स खरंच दांडगा होता. रोमन सम्राट ऑगस्टसच्या काळात सेरिनोच्या झऱ्यांवरून एक कालवा आणला होता, फाटे सोडले तरी साधारण ९६ किलोमीटर लांब, डोंगरातून बोगदे पाडून. तो नेपल्सच्या मागून जाऊन शेवटी मिसेनोला आरमाराच्या तळावर पोचायचा, तिथली पिशिना मिराबिलिस नावाची टाकी अजून उभी आहे, आत ४८ खांब आणि मावायचं जवळपास साडेबारा हजार घनमीटर पाणी. पॉम्पेईचं पाणी ह्याच कालव्याच्या फाट्यावरून आलं असं सर्वसाधारणपणे मानतात. त्याच्या आधी गावाची भिस्त पावसाच्या पाण्यावर, म्हणजे घराच्या मधल्या चौकात पडेल ते खालच्या टाकीत साठवायचं, नाहीतर लाव्हाच्या थरातून खोल खणलेल्या विहिरी. स्ताबियान स्नानगृहाला तर असं विहिरीतूनच पाणी उपसून द्यायचे.

मग आम्ही उजवी-डावीकडची घरं बघत चौकात आलो आणि तिथे तो खांब. विटा-दगडाचा, पुरुषभर उंचीच्या तिपटीहून जास्त, एका अंगाला उभी खाच. मी एरवी इथे ग्रुप थांबवतच नाही कारण दिसायला तो काहीच नाही. काका त्याच्याभोवती फिरले, खाचेत बघितलं, बाजूला ओघळून दगडासारखा झालेला चुना दिसत होता तो बघितला. "वर टाकी होती नव्हं?"

होती, शिशाची. गावात असे चौदाएक खांब सापडलेत, बहुतेक चौकाचौकांत. मी विचारलं काका तुम्हाला कसं कळलं, तर म्हणाले प्रेशर मोडायला दुसरं काय करणार. आणि मग त्यांनी जे समजावलं ते मी तिथल्या तिथे गाईडला सांगितलं, बाकी ग्रुपही गोळा झाला. पॉम्पेई उतारावर आहे. वरचं टोक पोर्ता वेसुव्हिओ, खालचं पोर्ता स्ताबिया, दोन्हीत तीस मीटरहून जास्त फरक. वरून सरळ बंद पाइपने पाणी खाली आणलं तर खाली तीन किलोच्या वर, म्हणजे चौरस सेंटीमीटरला तीन किलोहून जास्त, प्रेशर बसणार. आणि पाइप कसले, तर शिशाचा पत्रा गोल वळवून वर लांब जोड डागलेला, त्यामुळे कापून बघितला तर आकार गोल नाही, पेरूसारखा वर निमुळता. काका म्हणाले तो जोड उलणार, शंभर टक्के उलणार. म्हणून पाणी चौकात आणायचं, खांबावर चढवून उघड्या टाकीत ओतायचं, तिथं प्रेशर मेलं, आता खाली हौदाला किंवा घराला जाताना फक्त खांबाच्या उंचीएवढंच, सहा मीटरच्या आसपास. मग पुढच्या चौकात परत तेच. आमच्याकडं ह्याला बीपीटी म्हणत्यात, ब्रेक प्रेशर ट्यांक, एवढंच ते म्हणाले. आणि तो चुना म्हणजे टाकी भरून वाहायची त्याची खूण, झऱ्याचं पाणी जड होतं.

ग्रुपमधल्या एका ताईंनी विचारलं, शिशाच्या पाइपने लोक आजारी नाही पडायचे का. गाईड म्हणाली धोका रोमन लोकांनाही माहीत होता, व्हिट्रुव्हियस नावाच्या रोमन वास्तुकाराने लिहूनच ठेवलंय की मातीच्या पाइपातलं पाणी जास्त चांगलं. पण इथे पाणी थांबून राहत नव्हतं आणि आतून चुन्याचा थर बसायचा, त्यामुळे शिसं थोडं कमी उतरायचं, अगदी नाहीच असं नाही.

जेवणाआधी वेट्टी बंधूंच्या घरी जायचं ठरलेलंच होतं. दुरुस्तीनंतर २०२३ मध्ये ते परत उघडलं, चित्रं डोळ्यांचं पारणं फेडणारी आहेत. काका बागेत कारंज्यांचे शिशाचे पाइप बघत होते. गाईडनेच मग विचारलं, ह्यांना वरची मुख्य टाकी दाखवायची का, इथून जवळ आहे. ज्यांना यायचं ते आले, बाकीचे सावलीला बसले.

वर जाणाऱ्या त्याच रस्त्याला बँकर सेसिलियस युकुंडसचं घर आहे. त्याच्या देवघराला दोन संगमरवरी पट्ट्या होत्या, इसवी सन ६२ सालच्या भूकंपाचं चित्र, एकीत फोरमचं देऊळ कलंडतंय आणि दुसरीत पोर्ता वेसुव्हिओ आणि शेजारची पाण्याची टाकी. ही दुसरी पट्टी १९७५ साली चोरीला गेली आणि अलीकडे बेल्जियममधल्या एका घरात भिंतीला बसवलेली सापडली. एखाद्याने भूकंपाची आठवण कोरून घेतली आणि त्यात पाण्याची टाकी घातली, ह्यावरूनच कळतं की त्या दिवशी गावाचं काय काय गेलं.

टाकी म्हणजे वेशीला लागून एक विटांची इमारत, समोर तीन कमानी. आत गोल खोली, कालव्याचं पाणी एका बाजूने यायचं, जाळ्यांतून गाळून पुढे तीन भागांत वाटायचं आणि खालच्या तीन भोकांतून तीन पाइप गावात. गाईडने जे पुस्तकात असतं ते सांगितलं, की व्हिट्रुव्हियसच्या म्हणण्याप्रमाणे एक वाट सार्वजनिक हौदांना, एक स्नानगृहांना, एक खासगी घरांना, म्हणजे टंचाईत हौदांचं पाणी तुटायला नको. मी ते मराठीत सांगितलं. ऐकायला फारच छान वाटतं, मला स्वतःला ते नेहमीच आवडायचं.

काका बराच वेळ गप्प. मग म्हणाले, "ताई, हे पटत न्हाई. तीन लायनी तीन कामाला असत्या तर दर रस्त्यात तीन पाइप पडलं असतं. खाली त्या खांबावरनं हौदालाबी पाणी गेलंय आन् घरालाबी, एकाच टाकीतनं. मग हितं येगळं करून काय उपेग? ह्ये झोन पाडल्यात. गावाचं तीन भाग, तीन लायनी."

मी इंग्लिशमध्ये सांगितलं आणि गाईड दोन क्षण त्यांच्याकडे बघतच राहिली. मग म्हणाली की आजचे अभ्यासक नेमकं हेच म्हणतात. पाइप कुठून कुठे गेले, कुठला खांब कोणाला पाणी देत होता हे तपासल्यावर लोकांच्या लक्षात आलं की पॉम्पेईची वाटणी व्हिट्रुव्हियसच्या मांडणीशी जुळत नाही, तीन वाटा गावाच्या तीन भागांकडे जातात. ह्याला त्यांना मोजमापं आणि चर्चा लागल्या, आणि हे काका दोन चौक चालून आले होते. मला त्या क्षणी इतका अभिमान वाटला की सांगता येत नाही, आणि तो आपला माणूस म्हणून नव्हता फक्त, काम हातात मुरलं की माणसाला काय दिसतं ते समोर बघत होते म्हणून होता.

गाईडने मग त्यांना फ्रॉन्टिनसबद्दल सांगितलं. इसवी सन ९७ मध्ये रोमच्या पाणीखात्याचा प्रमुख झालेला माणूस, त्याने आपल्या खात्याचा सगळा हिशोब लिहून ठेवलाय. सरकारी गुलाम २४० च्या आसपास आणि सम्राटाचे ४६०, त्यांत टाक्या सांभाळणारे, गस्त घालणारे, फरसबंदी परत बसवणारे, गिलावा करणारे असे वेगवेगळे. टाकी सांभाळणाऱ्यांना कास्तेलारी म्हणायचे. काका म्हणाले, "म्हंजे आमची पोस्ट." हो काका, पण पगारी नोकर नाही, गुलाम.

त्यावर ते काहीच बोलले नाहीत, फक्त त्या तीन भोकांकडे परत एकदा वाकून बघितलं. पुढचं ऐकून मात्र हसले. टाकीला घरचं कनेक्शन जोडताना ठराविक मापाची शिक्का मारलेली ब्राँझची नळी बसवावी लागायची, ब्राँझची अशासाठी की शिशासारखी ती ठोकून मोठी करता येत नाही. तरी लोक मोठ्या मापाची नळी बसवायचे, जुनं भोक न बुजवता त्यातून पाणी विकायचे, फरसबंदीखालून गुपचूप पाइप न्यायचे. फ्रॉन्टिनसने असल्या चोरीच्या जोडण्या उपटून काढल्या तर बरंच शिसं परत मिळालं. "फेरूल," काका म्हणाले, म्हणजे लाइनला घरचं कनेक्शन जोडायची ती छोटी नळी, "फेरूलचीच भानगड समदीकडं."

परत खाली येताना आम्ही त्याच सरळ उतरत्या रस्त्याने पोर्ता स्ताबियापर्यंत गेलो, जेवणाला उशीर होणार होता पण कोणी कुरकुर केली नाही. ह्या वेशीपाशी एक कोरीव शिळा सापडलीये, मूळ आता नेपल्सच्या म्युझियममध्ये आहे, आणि ती लॅटिनमध्ये नाही, ऑस्कनमध्ये आहे. पॉम्पेई मुळात रोमन नव्हतंच हे आपण विसरतो. सॅमनाइट नावाच्या इटलीतल्याच लोकांचं, लॅटिन नाही तर ऑस्कन भाषा बोलणारं गाव, रोमशी लढलेलं. इसवी सनपूर्व ८९ मध्ये रोमन सेनापती सुल्लाने वेढा घातला, उत्तरेच्या तटावर त्याच्या दगडगोळ्यांचे खड्डे अजून दिसतात, आणि ८० मध्ये त्याने आपले सैनिक इथे वसवले, तेव्हापासून लॅटिन. शिळेवर त्याच्या आधीच्या दोन अधिकाऱ्यांची नावं आहेत, माइउस सिउत्तिउस आणि नुमेरिउस पोंतिउस, त्यांनी हा रस्ता आखला, हद्द इतकी, काम केलं आणि मंजूर केलं. म्हणजे आम्ही ज्या उतारावरून चालत आलो, ज्याच्या कडेने नंतर पाइप पडले, तो रस्ता ऑस्कन लोकांचा. त्यांची भाषा गेली, रस्ता तोच राहिला, रोमन लोकांनी पाणी त्याच्याच कडेने नेलं. मला हे फार महत्त्वाचं वाटतं, आपण सगळंच श्रेय रोमला देऊन टाकतो.

काकांनी ती दोन नावं गाईडला परत म्हणून दाखवायला लावली. मग विचारलं, भूकंपानंतर सतरा वर्षांनी ज्वालामुखी फुटला, तोवर पाणी सुरू झालं होतं का. गाईड म्हणाली बऱ्याच अभ्यासकांना वाटतं की पूर्ण नव्हतं झालं, दुरुस्ती चालूच होती. "हुईल कसं," काका म्हणाले, "भूकंपात जमीन हालली की लेव्हल जाती, ९६ किलोमीटरची लेव्हल परत धरायची म्हंजे गंमत हाय व्हय."

काकू इतका वेळ शांतपणे सोबत चालत होत्या. वेशीच्या सावलीत दगडावर टेकल्या आणि म्हणाल्या, "बरं होतं की त्यांचं, तोटी न्हाई, चावी न्हाई. तुमच्यासारकं रात्री दोनला उठून पाणी सोडायला जावं लागत नसंल कुणाला."

"जावं लागणारच," काका म्हणाले, "वर जाळ्या हुत्या की. पावसाळ्यात पाला अडकला तर काढणार कोण?"