तुम्ही विचारलंत म्हणून: रजेच्या अर्जात मी कारण का लिहीत नाही

"नुसतं 'वैयक्तिक' काय लिहितेस, नीट कारण लिहायला तुझं काय जातं?"

हे मला आत्ताच्या मॅनेजरने विचारलंय, आधीच्याने विचारलंय, एचआरवाल्यांनी गोड बोलून विचारलंय, शेजारच्या डेस्कवालीने विचारलंय आणि घरच्यांनी तर विचारलंच आहे, कारण त्यांना वाटतं मी मुद्दाम वाकडं वागते. दरवेळी मी "असंच" म्हणते आणि विषय बदलते. आता एकदाचं लिहूनच टाकते, म्हणजे पुढच्या वेळी कोणी विचारलं की हेच पाठवून देईन. लांबणार आहे, आधीच सांगते. "असंच" वर तुमचं भागलं असतं तर ही वेळच आली नसती.

आमची टीम पाच-सहा देशांत पसरलेली आहे, त्यामुळे कॉलवर शेवटचा माणूस जॉइन होईपर्यंत जो रिकामा वेळ असतो त्यात वर्षअखेरीला एकच विषय चालतो, तुला किती रजा आणि मला किती. फ्रान्सवाला सुरुवात करतो, ५ आठवडे, १९८२ पासून कायद्यानेच आहेत, आणि असं सांगतो की जणू त्यानेच तो कायदा केलाय. ब्रिटनवाली लगेच कुरकुरते, आमचे २८ दिवस नुसते ऐकायला मोठे, त्यातच सार्वजनिक सुट्ट्या मोजायची मुभा आहे मालकाला. जर्मनीवाला म्हणतो, पाच दिवसांच्या आठवड्याला कायद्याने २०च, वरच्या करारातून मिळालेल्या. जपानवाल्याला सहा महिने झाल्यावर १० मिळाल्या आणि त्या वाढत वाढत साडेसहा वर्षांनी २० होतात, पण तिथे लोक रजा घ्यायलाच कचरतात म्हणून २०१९ पासून कायद्याने मालकावरच टाकलंय की माणसाने वर्षाला निदान ५ दिवस तरी रजा घेतली का ते तू बघ. अमेरिकेतली सगळ्यात शेवटी बोलते. तिच्याकडे पगारी रजेचा देशपातळीवर कायदाच नाही, १९३८चा कामगार कायदा काम न केलेल्या दिवसाचे पैसे द्या असं कुठे म्हणतच नाही. तिला कंपनीने 'अनलिमिटेड' दिलीये. आकडाच नाही म्हणून साठत नाही, साठत नाही म्हणून नोकरी सोडताना हातात काही पडायचा प्रश्नच नाही. ती एकदा वैतागून म्हणाली होती, मला कोणीतरी आकडा द्या, किती घेतल्या की जास्त होतात ते तरी कळू दे.

या सगळ्यात माझा आकडा काही वाईट नाही, खरंच नाही. त्यामुळे मी रजेबद्दल तोंड उघडलं की लोक म्हणतात तुला काय कमी आहे. कमी काही नाही. माझं दुखणं त्या रकान्याचं आहे. रजेच्या सिस्टीममध्ये लाल चांदणीवाला एक रकाना असतो, 'रीझन', तो भरल्याशिवाय सबमिटचं बटण चालतच नाही. जर्मनीवाल्याने एकदा दुसरंच काहीतरी दाखवायला स्क्रीन शेअर केली होती आणि त्याचा रजेचा फॉर्म उघडा राहिला होता. तीच कंपनी, तेच सॉफ्टवेअर, पण त्याच्या फॉर्मवर तो रकानाच नाही. या तारखेपासून त्या तारखेपर्यंत, सबमिट, संपलं. मी विचारलं, अरे कारण कुठे टाकतोस? त्याला आधी प्रश्नच कळला नाही. मग म्हणाला, "रजा आहे ना."

तर आता ती गोष्ट, जी मी कोणाला नीट सांगितलेली नाही.

तेव्हा मी कारण लिहायची. नुसतं लिहायची नाही, सविस्तर लिहायची. त्या वर्षी एक रिलीज आठ महिने चालू होता आणि शेवटी शेवटी रात्रीचे कॉल रोजचेच झाले होते. वर्षाच्या शेवटच्या महिन्यातला एक आठवडा मी बराच आधी टाकून ठेवला आणि रकान्यात खरं तेच लिहिलं, की कुठेही जायचं नाहीये, खूप थकलेय, घरी राहून झोप काढायची आहे. लिहिताना मला जरा छानही वाटलं होतं, की बघा, मी कशी सरळ आहे, उगाच तापाचं किंवा गावाला जायचं सोंग नाही.

मग मॅनेजरने टीमच्या कॉलवर रजेचं कॅलेंडर उघडलं. त्याच आठवड्यात आम्ही तिघांनी रजा टाकली होती आणि दोघांनाच सोडता येणार होतं. त्याने तिघांचे अर्ज एकेक करून वाचून दाखवले, सगळ्यांसमोर, त्याच्या मते हे पारदर्शक होतं. पहिल्याच्या सख्ख्या बहिणीचं लग्न. दुसरीच्या मुलांच्या शाळेला तेव्हाच सुट्टी आणि तिकिटं काढलेली. मग माझा. "झोप काढायची आहे" एवढं वाचून तो थांबला आणि हसला. वाईट हसला असं नाही म्हणणार मी, माणूस वाईट नाहीये. पण मग चॅटमध्ये हसणाऱ्या चेहऱ्यांची रांग लागली, कोणीतरी लिहिलं आम्हालाही द्या अशी रजा, आणि मीसुद्धा एक हसणारा चेहरा टाकला. त्यावर त्याने विचारलं, "तुझं होईल ना अ‍ॅडजस्ट? तुझं तसं काही ठरलेलं नाहीये."

मी म्हटलं, हो, होईल.

इतकी वर्षं झाली तरी ते "हो, होईल" मला सुटत नाही. त्या जागी दुसरं काय म्हणणार होते मी? त्याच्या बहिणीच्या लग्नापेक्षा माझी झोप महत्त्वाची आहे असं? ते मलाही पटलं नसतं. पण मुद्दा असा की ती दोन पारड्यांत टाकायची वेळ कोणी आणली? मी लिहिलं नसतं तर तिथे नुसत्या तीन तारखा राहिल्या असत्या आणि माझी सगळ्यात आधी आलेली होती.

कॉल संपल्यावर त्याचा मेसेज आला, मी रिजेक्ट करत नाही, रिजेक्ट केलं की रेकॉर्डला बरं दिसत नाही, तूच मागे घे म्हणजे तुलाच सोपं. मी मागे घेतली. तो आठवडा मी त्या दोघांची कामं सांभाळली, रात्रीचं ऑन-कॉलही माझ्याकडेच, कारण बाकी कोण होतं. दुसरीने तिथून फोटो पाठवले. सुंदर होते, मी लाइकही केले.

नवीन वर्ष लागलं आणि माझी रजा लॅप्स झाली. कॅरी फॉरवर्डला मर्यादा असते ना, त्याच्या वरची गेली. मी एचआरला मेल टाकली, की बाई मी अर्ज केला होता, मला मिळाली नाही, मग ही लॅप्स कशी? उत्तर आलं, सिस्टीममध्ये तुमची कुठलीही रजा नाकारल्याची नोंद नाही, तुम्ही ती स्वतः विथड्रॉ केलेली आहे. खाली शुभेच्छा वगैरे.

त्या दिवशी मी पहिल्यांदा रजेचे कायदे वाचायला बसले. काम टाकून बसले, खोटं कशाला बोलू. आपल्याकडे तेव्हा १९४८चा कारखाने अधिनियम होता (२०२५ मध्ये त्याच्या जागी नवी कामगार संहिता आली), त्यात वर्षाला २४० दिवस काम केलं तर पुढच्या वर्षी दर २० दिवसांमागे एक दिवस पगारी रजा होती, आणि साधारणपणे ३०च्या वर पुढे नेता येत नव्हती, पण त्यात एक ओळ अशी होती की कामगाराने नियमाप्रमाणे मागितली आणि त्याला दिली नाही, तर ती नाकारलेली रजा कितीही पुढे नेता येते, तिला मर्यादा नाही. मी काही कारखान्यात नाही, तो कायदा मला लागू नव्हता, मला माहितीये. पण ज्याने कोणी ती ओळ घातली त्याला आमच्यासारखे मॅनेजर तेव्हाच माहिती होते. फक्त "तूच मागे घे" हे त्याच्या डोक्यात आलं नसावं.

मग वाचतच गेले. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा १९७०चा पगारी रजेचा करार आहे, वर्षाच्या नोकरीमागे किमान ३ आठवडे सांगणारा. त्यात रजा कधी द्यायची हे ठरवताना दोन गोष्टी बघा म्हटलंय, कामाची गरज आणि माणसाला आराम-विसावा मिळायची संधी. लग्न नाही, तिकिटं नाहीत, आराम. युरोपच्या न्यायालयाने २००९ साली एका निकालात हेच म्हटलं, वार्षिक रजेचा हेतू विश्रांती आणि मोकळा वेळ, आजारपणाची रजा वेगळी. म्हणजे ज्याच्यासाठी ही रजा मुळात काढली, नेमकं तेच कारण आमच्या कॉलवर चॅटमध्ये हसण्यावारी गेलं. आणि जपानच्या सर्वोच्च न्यायालयाने तर १९७३ मध्येच सांगून टाकलंय की रजा कशासाठी वापरायची हे कामगाराचं स्वातंत्र्य आहे, त्यात मालकाने पडायचं नाही. तारखेवरून वाद होऊ शकतो, काम अडत असेल तर मालक तारीख बदलायला लावू शकतो, कारणाशी त्याला देणंघेणं नाही. हे मी आमच्या जपानवाल्याला कौतुकाने सांगितलं तर तो म्हणाला, हो, कायद्यात आहे, पण आम्ही आपले लिहितो 'खाजगी कारणासाठी' आणि सगळ्यांची माफी मागून जातो.

तेव्हापासून मी 'वैयक्तिक' लिहिते. एवढंच उत्तर आहे खरं तर.

पण एवढ्यावर थांबले तर मी फार शहाणी वाटेन, आणि तसं नाहीये. ती जुनी मी, सविस्तर लिहिणारी, अजून आत भांडत असते. ती म्हणते की तू सांगणं बंद केलंस म्हणून काय बदललं, तो रकाना तसाच आहे, उलट कोणीतरी सतत 'आराम' लिहीत राहिलं असतं तर कधीतरी लोकांना सवय झाली असती. आणि मी तिला म्हणते, तू लिहिलं होतंस ना, काय झालं? ती म्हणते, एकदाच लिहिलं आणि पळालीस. यावर माझ्याकडे उत्तर नाही. चिडते फक्त.

मॅनेजरची बाजूही मला कळते, कळत नाही असं समजू नका. तीन जण एकाच वेळी जाणार असतील तर त्याने चिठ्ठ्या टाकायच्या का? ब्रिटनमधला नियम मला बरा वाटतो, जेवढे दिवस रजा हवी त्याच्या दुप्पट दिवस आधी कळवायचं, आणि मालकाला नको म्हणायचं तर त्यानेही रजेच्या दिवसांइतकं आधी सांगायचं, सगळा हिशोब तारखांचा. पण ज्या जर्मनीचं मी एवढं कौतुक केलं तिथल्या कायद्यातच लिहिलंय, की माणसाच्या इच्छेप्रमाणे रजा द्या, मात्र कामाची तातडी असेल किंवा दुसऱ्या सहकाऱ्याची सामाजिक निकड जास्त असेल तर त्याचा विचार आधी. म्हणजे शाळेत जाणारी मुलं असलेला माणूस शाळेच्या सुट्टीत पुढे. मी हे जर्मनीवाल्याला विचारलं तर तो म्हणाला, हो, मग तेव्हा बोलतो की आम्ही, एकमेकांत बोलतो. म्हणजे तिथेही वजन होतंच. फक्त मॅनेजर वाचून दाखवत नाही. की हाच सगळा फरक आहे? असेलही. नक्की सांगता येत नाही.

आणि 'वैयक्तिक' काही साधा शब्द नाहीये हेही कबूल करते. लोक त्यात काय काय भरतात! एकदा मी गरोदर होते म्हणे, एकदा दुसरीकडे इंटरव्ह्यू देत होते, एकदा घरात कोणाचं तरी गंभीर चाललं होतं. मॅनेजर आवाज खाली आणून "सगळं ठीक आहे ना?" विचारतो आणि मी "हो हो" म्हणते ते अशा स्वरात की त्याला वाटावं, नसेल ठीक. रजा मंजूर होते. मी खोटं काहीच बोललेली नसते. ज्यांनी मला सांगितलं होतं की सरळ कोणालातरी आजारी पाड आणि मोकळी हो, त्यांच्यात आणि माझ्यात किती अंतर आहे हे मी फार खोलात जाऊन मोजत नाही. घरी राहून झोपले तरी सोमवारी "झालं ना काम?" असं कोणी विचारलं की मी मान डोलावते.

घरच्यांचा मुद्दा वेगळा आहे. त्यांना वाटतं रजा साठवून ठेवाव्यात, अडीनडीला लागतात, आणि घेतलीच तर कशासाठी तरी घ्यावी, नुसती घरात बसायला कोण घेतं. त्यांना मी वरचं काहीच सांगितलेलं नाही, त्यांना इथेच कळेल.

गेल्या महिन्यात टीममध्ये एक नवीन मुलगा आलाय. त्याने माझा अर्ज शेअर्ड कॅलेंडरवर बघितला आणि मला बाजूला घेऊन विचारलं, "मॅडम, मी पण नुसतं वैयक्तिक लिहिलं तर चालेल का?" त्याला मित्रांबरोबर ट्रेकला जायचं होतं. मला वाटलं होतं असं कोणी विचारेल तेव्हा मी जपानपासून सुरू करेन. मी त्याला म्हटलं, तू अजून प्रोबेशनवर आहेस, कारण लिही, आणि ट्रेक नको लिहूस, घरी कार्यक्रम आहे लिही.

त्याने तसं लिहिलं. मंजूर झाली. आता मॅनेजर त्याला विचारतोय, कार्यक्रम कसा झाला, आणि तो माझ्याकडे बघतो.