असुंताच्या नेपल्समध्ये

नेपल्सला आलेली मंडळी पॉम्पेईला जातात, पिझ्झा खातात, व्हेसुव्हिअसचे फोटो काढतात. मला इथे ओढून आणलं ते १९१५ सालच्या एका मूकपटाने. ‘असुंता स्पीना’, साल्वातोरे दि जाकोमो या नेपल्सच्याच लेखकाच्या नाटकावरचा. त्या काळात इटलीत रोमन सैन्य आणि प्रचंड सेट यांची चलती होती. या चित्रपटाची नायिका मात्र लोकांचे कपडे धुणारी, तिचा मिकेले खाटीक, आणि कॅमेरा थेट नेपल्सच्या उन्हात.

आधी बसने पोझिलिपोला, शहराच्या किनाऱ्यावरच्या भागात गेले. डाव्या हाताला समुद्र आणि पाण्यातच उभा असलेला पालाझ्झो दोन्नाना. १७व्या शतकात बांधायला घेतलेला हा पिवळट दगडाचा वाडा कधी पुराच झाला नाही. असुंताच्या वाढदिवसाची सहल याच पोझिलिपोला येते. मिकेलेच्या संशयी स्वभावाला वैतागून ती जुन्या ओळखीच्या राफाएलेबरोबर नाचते आणि घरी परतताना मिकेले तिच्या गालावर चाकू ओढतो. असुंता झालेल्या फ्रान्चेस्का बेर्तिनीचा चेहरा आपल्याला जवळून फारसा दिसतच नाही. राग, भीती, लाज, सगळं ती अंगावरच्या शालीतून सांगते. शाल कधी आवळते, कधी खांद्यावरून घसरू देते.

दुसऱ्या दिवशी कास्तेल कापुआनो. पोर्ता कापुआना या वेशीजवळचा हा जुना किल्ला. १५४० मध्ये स्पॅनिश व्हाइसरॉयने शहरातली न्यायालयं इथे एकत्र आणली आणि पुढे साडेचार शतकं इथेच खटले चालले. दारावर सम्राट पाचव्या चार्ल्सचा दुतोंडी गरुड अजून आहे. त्याच्याखाली मी बराच वेळ उभी होते. असुंता कोर्टात मिकेलेला वाचवू बघते, तरी त्याला दोन वर्षांची शिक्षा होते, आणि तीही आव्हेलिनोच्या तुरुंगात. कोर्टातला फुनेल्ली नावाचा कारकून तिला गाठतो. मिकेलेला नेपल्समध्येच ठेवता येईल, पण त्याची किंमत तिला स्वतः मोजावी लागेल.

आव्हेलिनो इथून जेमतेम पन्नासेक किलोमीटर. आज तासाभराचा रस्ता. पण रोजच्या कमाईवर जगणाऱ्या बाईला तेव्हा ते अंतर परवडणारं नव्हतं, हे नकाशा हातात घेतल्यावर मला पहिल्यांदा नीट कळलं. चित्रपट पाहताना फुनेल्लीची अट मान्य करण्याचा तिचा निर्णय मला घाईचा वाटला होता. आता वाटत नाही. शेवटी फुनेल्लीचा खून मिकेले करतो आणि गुन्हा ती स्वतःवर घेते, तेही पटतं.

दिग्दर्शक म्हणून नाव गुस्तावो सेरेनाचं, मिकेलेही तोच. पण जमावातली माणसं उभी करण्यापासून कॅमेऱ्याच्या जागेपर्यंत बेर्तिनी सगळ्यात लक्ष घालत होती, हे त्यानेच पुढे सांगितलं. उतारवयात तिनेही दिग्दर्शन आपलं असल्याचं ठामपणे सांगितलं. मी तिच्या बाजूने आहे. या शहरातल्या बाईची चाल, तिचं थांबणं, तिचं मागे वळून बघणं इतक्या नेमकेपणाने दाखवणारी नजर मला बेर्तिनीचीच वाटते.