कोल्हापुरात जुन्या नटांच्या मागावर: एका दिवसाची फेरी

सोमवार सोडून कुठलाही वार धरा. राजारामपुरीतलं, नट आणि चित्रकार चंद्रकांत मांडरे यांचं कलासंग्रहालय सोमवारी बंद असतं, आणि तेच चुकलं तर या फेरीत आत शिरून निवांत पाहण्यासारखं फारसं काही उरत नाही. बाकीची ठिकाणं म्हणजे एक स्तंभ, एक फाटक आणि आगीत जळालेलं एक नाट्यगृह. मंगळवार-शुक्रवारही शक्यतो नकोत. अंबाबाईच्या दर्शनाची गर्दी महाद्वार रोडवरून आजूबाजूच्या गल्ल्यांत उतरते आणि पंधरा मिनिटांच्या रिक्षाला पाऊण तास लागतो.

स्टेशनवरून किंवा सीबीएसवरून, म्हणजे मध्यवर्ती बसस्थानकावरून, राजारामपुरी जवळच आहे. रिक्षात बसताना संग्रहालयाचं नाव सांगत बसू नका, "राजारामपुरी, सातवी गल्ली" म्हणा. इथले पत्ते गल्लीच्या आकड्यावर चालतात. उघडायच्या वेळेलाच पोचा, कारण दुपारी जेवणाच्या सुट्टीत दार बंद मिळू शकतं. हे चंद्रकांत यांचं राहतं घर. त्यांनी ते चित्रांसकट सरकारच्या हवाली केलं. पाटी आणि बाहेरचं रूप दोन्ही साधी असल्यामुळे बरेच जण समोरून पुढे निघून जातात.

आत मात्र घाई नको. चंद्रकांत (१९१३-२००१) म्हटलं की १९५२ च्या 'छत्रपती शिवाजी'तले महाराज डोळ्यांसमोर येतात. इथे भेटतो तो चित्रकार. तैलरंग आणि जलरंग आहेतच, पण खरा वेळ द्यावा तो पावडर शेडिंगला. सुकी पूड कागदावर चोळत छाया उभी करायची, हे ते तंत्र. या चित्रांपुढे आधी हातभर अंतरावर उभं राहा. कडा कुठे संपते ते सापडत नाही, कुंचल्याचा फटकारा नाही, नुसता दाट होत गेलेला करडेपणा. मग चार पावलं मागे या, त्याच करड्यातून झाडं आणि उजेड वेगळे होतात. काचेवर खिडकीची तिरीप पडत असेल तर थोडं बाजूला सरकून पाहा. फोटो काढण्याआधी तिथल्या माणसाला विचारा. तास-दीड तास सहज जातो. सिनेमाची पोस्टरं आणि पोशाख पाहायला आलेले दहा मिनिटांत बाहेर पडतात आणि फेरी फुकट गेली म्हणतात. धाकटे भाऊ सूर्यकांत (१९२५-१९९९) हेही नट आणि चित्रकार. दोघं भाऊ १९५९ च्या 'सांगत्ये ऐका'त आहेत. तो आदल्या रात्री पाहून आलात तर चेहरे पक्के होतात.

तिथून खरी कॉर्नर. चौकात कॅमेऱ्याचा मानस्तंभ आहे, मूकपटांचे दिग्दर्शक बाबूराव पेंटर यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीची आठवण म्हणून. बाबूरावांनी कॅमेरा कोल्हापुरातच बनवला आणि 'सैरंध्री' (१९२०) त्याच्यावर घेतला. त्यात गुलाबबाईंनी, म्हणजे कमलादेवींनी, काम केलं. बायकांच्या भूमिका पुरुष करत होते, त्या काळात. स्तंभ रहदारीच्या मधोमध असल्याने उभं राहायला जागा नाही. गाडी आणू नका. १ डिसेंबरला, कंपनीच्या स्थापनादिनी, इथे पूजन होतं आणि जुनी जाणती मंडळी हमखास भेटतात. प्रश्न विचारायचे असतील तर तोच दिवस.

पुढचं केशवराव भोसले नाट्यगृह. शाहू महाराजांनी बांधलेलं हे थिएटर १९१५ चं. 'ललितकलादर्श' या नाटक कंपनीचे गायक नट केशवराव अवघ्या एकतिसाव्या वर्षी, १९२१ मध्ये गेले. त्यांचा जन्मदिवस ९ ऑगस्ट, आणि थिएटर जळालं ते २०२४ च्या ८ ऑगस्टला रात्री. त्यानंतर पुनर्बांधणी हाती घेतली गेली, तेव्हा आत जाता येईल असं धरून बेत आखू नका. लागूनच खासबाग मैदान आहे. भेळ खायची ती इथेच.

जयप्रभा स्टुडिओ मंगळवार पेठेच्या बाजूला. इथे बाहेरूनच पाहायची तयारी ठेवा, फाटकावर हुज्जत घालू नका. १९३३ मध्ये कोल्हापूर सिनेटोन म्हणून सुरू झालेली ही जागा पुढे दिग्दर्शक भालजी पेंढारकरांकडे आली. 'वाल्मिकी'त (१९४६) राज कपूर नारद झाला तो भालजींच्याच हाताखाली. १९४८ मध्ये, गांधीहत्येनंतरच्या जाळपोळीत स्टुडिओ पेटला, 'मीठभाकर' हा चित्रपट राख झाला आणि भालजींनी तो पुन्हा पहिल्यापासून घेतला. नंतर मालकी लता मंगेशकरांकडे गेली. वडील गेल्यावर, १९४२ नंतर, नट-दिग्दर्शक मास्टर विनायकांच्या चित्रपट कंपनीत कोल्हापुरात लहानसहान भूमिका करणारी तीच मुलगी. विनायक स्वतः १९४७ मध्ये, एक्केचाळिसाव्या वर्षी गेले. जागेच्या विक्रीवरून २०२२ मध्ये कलाकार रस्त्यावर उतरले होते, त्यामुळे इथे कॅमेरा घेऊन फिरणाऱ्याकडे लोक जरा निरखून पाहतात.

रंकाळ्यावर संध्याकाळ घालवा, पण रिक्षात नुसतं "शालिनी" म्हणू नका. तळ्याकाठचा शालिनी पॅलेस हा राजवाडा, शालिनी सिनेटोन हा जुना स्टुडिओ वेगळा. रिक्षावाला बरोबर राजवाड्यासमोर सोडतो आणि माणूस तिथे स्टुडिओ शोधत बसतो.

नावांचा घोळ याहून मोठा. बाबूराव दोन: पेंटर आणि पेंढारकर. पेंढारकर हे नट, भालजींचे भाऊ. सुलोचना तर तीन! मूकपटातल्या रूबी मायर्स याही 'सुलोचना', लावणीच्या सुलोचना चव्हाण वेगळ्या, आणि आपल्याला हव्या त्या चित्रपटांतल्या अभिनेत्री सुलोचना लाटकर. जुन्या पुस्तकांत आणि इंटरनेटवर यांचे फोटो सर्रास अदलाबदल होतात. सोपी खूण म्हणजे सालं: रूबी मायर्स १९८३ मध्ये गेल्या, चव्हाण डिसेंबर २०२२ मध्ये, लाटकर ४ जून २०२३ ला.

सुलोचना लाटकर यांचं गाव खडकलाट. हवं असेल तर दुसरा अर्धा दिवस काढा, वेळ कमी असेल तर बेधडक गाळा. सीबीएसवरून निपाणीची गाडी धरायची, साधारण ४० किलोमीटर, आणि तिथून चिकोडीच्या रस्त्याला लागायचं. गाव कर्नाटकात आहे. सीमाप्रश्न तापला की दोन्ही राज्यांच्या एसटी हद्दीवरच अडकतात, म्हणून सकाळीच चौकशी खिडकीवर विचारून घ्या. निपाणीत उतरल्या उतरल्या कोल्हापूरची शेवटची गाडी किती वाजता तेही विचारा.